दोन खरे, एक खोटा

सहादू पगारे क्षयरुग्णालयात दाखल झाला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन लुंग्या, दाढीचं सामान आणि संख्याशास्त्राची तीन पुस्तकं होती. साल १९७५, जून महिना. वय तेहतीस. नाशिकच्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा. नाशिकरोडच्या ज्या वसाहतीत तो वाढला, तिथला एम.एस्सी. झालेला तो पहिलाच होता. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी राहावं लागेल. घरी दीड वर्षाचं मूल होतं, म्हणून बायको भिमाबाई दर रविवारी डबा घेऊन यायची आणि वऱ्हांड्याच्या जाळीबाहेर उभी राहूनच बोलायची.

शेजारच्या खाटेवर कोंडाजी सानप होता. सिन्नर तालुक्यातल्या एका वाडीचा, धंद्यानं ट्रक ड्रायव्हर. लासलगावचा कांदा भरून त्यानं मुंबई, इंदूर, सुरत पालथी घातली होती. एकेकाळी धिप्पाड असावा. आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांनी त्याचे कान गेले होते. डाव्या कानानं थोडं ऐकू यायचं, तेही कुणी जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर. त्यामुळे तो स्वतःही ओरडून बोलायचा, आणि समोरचा बोलू लागला की एकटक त्याच्या तोंडाकडे बघायचा.

पहिल्या दिवशी त्यानं सहादूचं आडनाव विचारलं. मग आपला तांब्या पुढे करत म्हणाला, "प्या मास्तर. हितं समद्यांचं पानी एकच."

दुपारी जेवणानंतर दोन तास सक्तीची विश्रांती असायची. झोप कुणालाच येत नसे. कोंडाजीच्या उशीखाली पत्त्यांचा जोड होता आणि आवारात चिंचेचं झाड होतं. चिंचोके लावून दोघं तीन पत्ती खेळू लागले.

दोघांतच खेळायचं म्हणून त्यांनी नियम सोपे केले होते. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. तीन-तीन पानं. ज्याची पाळी असेल त्यानं एक तर पानं उघडी करायची, म्हणजे ज्याची भारी त्याचे ते दोन चिंचोके. नाही तर आणखी दोन चिंचोके लावायचे. लावले, की दुसऱ्यानं ठरवायचं: पॅक म्हणून पानं टाकून द्यायची, की आपलेही दोन घालून 'शो' मागायचा. नंतर पाळी दुसऱ्याची.

पहिल्या आठवड्यात सहादू सपाटून हरला. त्याच्याकडे भारी पानं असली की कोंडाजी निमूट पॅक व्हायचा, आणि हलकी पानं घेऊन त्यानं उगाच आव आणला की खणखणीत आवाजात म्हणायचा, "शो, मास्तर."

"तुम्हाला कळतं कसं भाऊ?"

"वीस वर्सं नाक्यावर हवालदारांशी बोललोय. मानूस खोटं बोलला की आधी मान कडक हुती."

सहादूला ते लागलं. पुण्यात शिकत असताना त्यानं दोन माणसांच्या खेळांचं गणित वाचलं होतं. आपण काय करणार हे समोरच्याला हेरता येत असेल, तर आपण हरणारच; म्हणून काय करायचं ते आपलं आपल्यालाच आधी माहीत नसावं, असं ते गणित सांगायचं. तो वही घेऊन बसला. मध्ये दोन चिंचोके, वर आपण दोन लावणार. समोरच्याला शो मागायला दोन घालावे लागतात आणि आपण खोटे निघालो तर त्याला चार मिळतात. हिशेब सरळ निघाला. भारी पानांवर दोनदा लावलं तर हलक्या पानांवर एकदा लावायचं. दोन खरे हात, एक खोटा. एवढं प्रमाण सांभाळलं की समोरच्यानं शो मागितला काय, पॅक केलं काय, त्याला सारखंच. लांबच्या पल्ल्यात आपण हरत नाही.

खोटा हात कधी खेळायचा हे मात्र मनानं ठरवून चालणार नव्हतं. मन ठरवतं तेव्हा मान कडक होते. सहादूनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दोन खाटांमधल्या स्टुलावर औषधाच्या बाटलीला टेकून ठेवलं. भारी आणि हलकी पानं साधारण सारखीच येतात, तेव्हा हलक्यांपैकी निम्म्यांवरच लावायचं: हलकी पानं आली की सेकंदकाटा बघायचा. काटा बारा ते सहाच्या मध्ये असेल तर दोन चिंचोके लावायचे, सहा ते बाराच्या मध्ये असेल तर पानं उघडी करायची. आता खोटं बोलणारा तो नव्हता, काटा होता. त्यामुळे त्याचा चेहरा खरोखरच कोरा राहू लागला. प्रत्येक हाताची नोंद तो वहीत करायचा: लावलं ते खरं की खोटं, आणि कोंडाजी काय म्हणाला.

जुलै-ऑगस्टमध्ये दोघं बरोबरीत आले. कोंडाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा आणि मान हलवायचा.

"तुमच्या तोंडावर काईच दिसत नाय आता. भिताड झालंय."

सहादूला त्या शब्दाचा अभिमान वाटला.

सप्टेंबरात सहादूला रक्ताची उलटी झाली. तीन महिन्यांत भरून आलेलं वजन आठ दिवसांत उतरलं. नवी तपासणी वाईट आली. त्यानं जेवण सोडलं. रविवारी भिमाबाई आली तेव्हा तो खाटेवरून उठला नाही. ती जाळीबाहेर अर्धा तास उभी राहून गेली. पत्ते मात्र कोंडाजी त्याच्या पांघरुणावर टाकायचाच. "उचला मास्तर. पानं उचलायला काय ताकद लागती?"

आणि त्या दिवसांतच सहादू जिंकू लागला. एका दुपारी तर त्यानं चाळीस चिंचोके मारले. कोंडाजी मोठमोठ्यानं कुरकुरला, सगळ्या वॉर्डाला सांगितलं की मास्तरनं आपल्याला लुटलं. त्या संध्याकाळी सहादूनं दोन भाकरी खाल्ल्या. पुढचे चार महिने तो जिंकतच राहिला. गणिताला यश येतंय असं त्याला वाटलं. डिसेंबरात त्याची थुंकी स्वच्छ निघाली.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, ऑपरेशन कुणाचं करायचं ते ठरवायला बाहेरून मोठे डॉक्टर आले. कोंडाजीचा एक्स-रे बघून त्यांनी कागदावर इंग्रजीत काही लिहिलं. तो कागद ऑफिसात नेऊन द्यायचा होता. कोंडाजी तो घेऊन आधी खाटेकडे आला.

"मास्तर, काय लिवलंय?"

सहादूनं वाचलं. दोन्ही फुफ्फुसं पोखरली आहेत. औषधं लागू पडत नाहीत. ऑपरेशन करण्यासारखी अवस्था नाही. आशा थोडी, नातेवाइकांना कल्पना द्यावी.

त्यानं वर बघितलं नाही. कोंडाजीची नजर आपल्या तोंडावर आहे हे त्याला न बघताही कळत होतं. सांगावं, असं वाटलं. याला बायको आहे, लग्नाची मुलगी आहे. मग वाटलं, सांगून काय होणार? चार दिवस सुखाचे आहेत तेही जातील. दोन्ही बाजू सारख्याच जड होत्या. आणि सात महिन्यांच्या सवयीनं त्याची नजर स्टुलाकडे गेली. काटा नुकताच चाराच्या पुढे सरकला होता.

"चांगलं आहे भाऊ," तो मोठ्यानं म्हणाला. "ऑपरेशनची गरज नाही म्हणतात."

कोंडाजी थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं कागद परत घेतला, घडी केली.

"मंग बरंच झालं," तो म्हणाला, आणि कागद द्यायला ऑफिसकडे गेला.

पुढच्या आठवड्यात तो चार दिवसांची सुट्टी काढून घरी जाऊन आला. येताना सहादूसाठी गुळाची ढेप आणली. मार्चमध्ये त्याला उठून बसवेना. एप्रिलमध्ये उरलेला डावा कानही गेला. आता त्याला फक्त चेहरे समजत होते, आणि नेमकं तेव्हाच सहादू त्याच्याकडे तोंड करून बसायचं टाळू लागला. पाणी पाजायचा, कूस बदलून द्यायचा, आणि बसताना खिडकीकडे वळून बसायचा. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. अठरा एप्रिलला सकाळी अकराच्या सुमाराला कोंडाजी गेला. शेवटचे चार दिवस त्याला श्वासच पुरत नव्हता.

त्याची बायको लंकाबाई दुसऱ्या दिवशी पोचली. कांदे काढायच्या मजुरीला ती वाडीपासून लांब गेली होती. निरोप तिला उशिरा मिळाला. वऱ्हांड्यात उभी राहून ती येईल त्याला विचारत होती, "पर कागुद तर चांगला आलता ना? मास्तरनी वाचलाता ना?" सहादू आत खाटेवर बसून ऐकत होता. तो बाहेर गेला नाही.

मे महिन्यात त्याला घरी सोडलं. जुलैत तो कॉलेजात रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात संभाव्यता शिकवताना एका मुलानं अवघड प्रश्न विचारला. उत्तर नीट ठाऊक नसताना सहादूनं ठासून काहीतरी सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकांकडून आवाज आला: बहिऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा. "शो, मास्तर."

मागचे बाक रिकामे होते. मुलं वह्यांत लिहीत होती.

नंतर तो आवाज येतच राहिला. भिमाबाईला 'डोकं दुखत नाही' म्हटलं की यायचा. मुख्याध्यापक झालेल्या मित्राचं भाषण 'छान झालं' म्हटलं की यायचा. सहादूनं कुणाला सांगितलं नाही. आवाज येऊ नये म्हणून तो फक्त खरं बोलू लागला, आणि ते त्याला जमेना. एका विद्यार्थ्याच्या बापाला त्यानं तोंडावर सांगितलं की तुमचा मुलगा या विषयात कधीच पास होणार नाही. बाप दारात चप्पल घालता घालता रडला. भिमाबाई आतून बघत होती.

"खरंच बोललात," ती म्हणाली. "पण कुणासाठी बोललात ते काही मला कळलं नाही."

घड्याळ त्यानं बांधायचं सोडलं. घरी कुणी नसेल तेव्हा कधी कधी तो दोन हात वाटायचा, आपली पानं बघायचा आणि समोरची तशीच पालथी ठेवून बसायचा. एकच प्रश्न होता. कोंडाजीनं ते खोटं खरं मानलं, की ओळखलं? मानलं असेल, तर एका माणसाचा निरोप घ्यायचा वेळ आपण काट्याच्या हवाली केला. त्यापुढे त्याला विचार करवत नसे.

आठ वर्षं अशी गेली. १९८४च्या डिसेंबरात विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षी खेळांचं गणित शिकवायला त्यालाच सांगितलं. उदाहरण हवं होतं. सहादूनं ट्रंकेतून रुग्णालयातली वही काढली. इतक्या वर्षांत ती उघडली नव्हती.

जिंकलेल्या चिंचोक्यांची एकूण बेरीज बघितली आणि तो थबकला. ती फार मोठी होती. दोन खरे, एक खोटा या चालीनं माणूस हरत नाही, एवढीच हमी आहे. समोरच्यानं चुका केल्याशिवाय तो जिंकत नाही. आणि कोंडाजी तर चुका करणारा खेळाडू नव्हता. सहादूनं तक्ता मांडला. सप्टेंबरपर्यंत हात खरा असो वा खोटा, कोंडाजी साधारण निम्म्या वेळा शो मागत होता. एकवीस सप्टेंबरपासून चित्र बदललं होतं. सहादूच्या चारशे बारा खऱ्या हातांपैकी तीनशे एकाहत्तरवर त्यानं शो मागितला होता, म्हणजे हरणारे चिंचोके घातले होते. आणि दोनशे तीन खोट्या हातांपैकी फक्त चौदावर शो मागितला होता. बाकी सगळ्यांना पॅक.

इतकं नेमकं चुकणं योगायोगानं शक्य नव्हतं. इतकं चुकायला समोरचे पत्ते माहीत असावे लागतात.

कसे माहीत, हेही त्याला तिथंच बसल्या बसल्या कळलं. भारी पानं आली की काट्याची गरजच नसायची. तो घड्याळाकडे बघायचा ते फक्त पानं वाईट असतील तेव्हाच. तोंडाचं भिताड करण्याच्या नादात डोळे कुठं जातात इकडे त्याचं लक्ष नव्हतं. कोंडाजीनं ते पकडलं होतं. पकडून जिंकायचं सोडून तो हरत राहिला होता, कारण एकवीस सप्टेंबरला सहादूला जेवण सोडून सहा दिवस झाले होते.

आणि तो कागद वाचताना सहादूनं घड्याळाकडे बघितलं होतं.

त्या रात्री त्यानं भिमाबाईला सगळं सांगितलं, आवाजासकट. तिनं वही हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कळलं होतं."

"कळलंच होतं. आकडे तेच सांगतात."

"मग त्यांच्या बायकोला जाऊन सांगा की."

पुढचे दोन महिने आवाज आला नाही. सहादूला वाटलं, सुटलो. फेब्रुवारीत एका रविवारी तो एस्टीनं सिन्नरला आणि तिथून जीपनं वाडीवर गेला. सोबत वही घेतली होती.

लंकाबाईचं घर गावाच्या कडेला होतं. केस पांढरे झाले होते, पण हात कामाचे होते. ती अंगणात बाजरी पाखडत होती. सहादूनं नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"कागुद वाचनारे मास्तर," ती म्हणाली. तिनं चटई टाकली, चहा केला. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही.

मग तो बोलला. कागदात काय होतं ते सांगितलं, आपण काय वाचून दाखवलं ते सांगितलं. पत्त्यांचं, घड्याळाचं, वहीतल्या आकड्यांचं, जमेल तसं सोपं करून सांगितलं. "त्यांना माहीत होतं बाई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो ते त्यांनी त्याच क्षणी ओळखलं. फक्त मला तसं कळू दिलं नाही."

लंकाबाई जमिनीकडे बघत होती.

"सुट्टीला आलते तवा गोठ्याचं छप्पर शाकारलं," ती म्हणाली. "पोरीची सोयरीक लय घाईनं पक्की केली. म्या म्हनलं, येवढी घाई कशापाई, बरं होऊन या, मंग करू. तर म्हनले, मास्तरनी कागुद वाचलाय, चांगलाय. तोंडावर हासू हुतं." ती थांबली. "म्हंजे ठावं असंल त्यान्ला. असंल बी."

"हो. मी तेच—"

"पर मला कुठं ठावं हुतं?"

सहादूचं बोट वहीच्या पानावरच थांबलं.

"तुमाला कळलं, त्यान्ला कळलं. तुमच्या खेळात दोघंच हुते व्हय, मास्तर? म्या कांदं काढाया गेले. ठावं असतं तर गेले असते का? खाटंपाशी बसले असते. पोरगी बसली असती." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यान्ला कळलंतं, ह्यानी तुमचं वझं उतरलं आसंल. माझं नाय."

सहादूच्या मांडीवर वही उघडी होती. त्यानं ती मिटली. वही सुरू केल्यापासून आजवर मांडलेल्या प्रत्येक तक्त्यात दोनच रकाने होते. तिसरा रकाना असू शकतो हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "त्या दिवशी वऱ्हांड्यात तुम्ही विचारत होतात. मी आत होतो. ऐकत होतो. बाहेर आलो नाही."

लंकाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"झुंबर यील आता," ती म्हणाली. "पोरगी माझी. ह्याच गावात दिलीय, रोज दिस कलताना येती. तिला बी सांगा. म्या नाय सांगनार. तुमीच सांगायचं."

"सांगतो."

"बसा मंग."

ती पुन्हा सूप घेऊन बसली. सहादू चटईवर बसून राहिला. चारची जीप निघून गेल्याचा आवाज आला. कोंडाजीनं शाकारलेल्या गोठ्याचं छप्पर आता पत्र्याचं होतं. त्याच्या सावलीत एक वासरू बांधलेलं होतं. आपण इथं सुटायला आलो होतो, हे त्याला कळत होतं, आणि आता तसं काही होणार नाही, हेही.

ऊन उतरल्यावर झुंबर आली. पंचविशीच्या पुढची, कडेवर मूल. बापासारखीच समोरच्याच्या तोंडाकडे थेट बघायची तिला सवय होती. लंकाबाईनं तिच्या कडेवरचं मूल घेतलं आणि म्हणाली, "हे मास्तर. तुझ्या बापाच्या शेजारच्या खाटंवर हुते. त्यान्ला काय सांगायचंय."

या वेळी सहादूनं पत्त्यांचं काही सांगितलं नाही. आकड्यांचंही नाही. कागदात काय लिहिलं होतं ते सांगितलं, आपण काय म्हणालो ते सांगितलं, आणि मग तिच्या नजरेला नजर देऊन थांबला.

झुंबर उंबऱ्यावर बसली. तिनं रागानं काही म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

"शेवटाला तरास झाला का त्यान्ला?" तिनं विचारलं.

"हो," सहादू म्हणाला. "चार दिवस. फार झाला."

"कोनाचं नाव घेत हुते?"

सहादूनं आठवून बघितलं. त्या चार दिवसांत कोंडाजीचे ओठ हलायचे, आणि तो खिडकीकडे वळून बसलेला असायचा.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी त्यांच्याकडे बघत नव्हतो."